तीन आठवडे मागे

सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या पांढऱ्या गोलावर डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा रेघ ओढली आणि मान हलवली. “बाळाचं डोकं तीन आठवडे मागे आहे. वाढ खुंटलीय. उद्याच ऑपरेशन करू.” पोटावरचा जेल पुसत गरोदर सून कळवळून म्हणाली, “अहो, फाईलमधली पाळीची तारीखच चुकलीय!” नाव नोंदवताना ती उलट्यांनी बेजार होती, म्हणून सासूबाईंनीच अंदाजाने तारीख ठोकून दिलेली. तेव्हापासून सांगून सांगून तिचा घसा बसला. सगळे म्हणत, पहिलटकरणी घाबरतातच. “तिला काय कळतंय?” सासूबाई शेजारून पुटपुटल्या. सुनेचा पारा चढला. “तुमची तारीख खरी धरली, तर दिवस राहिले तेव्हा तुमचा मुलगा बोटीवर होता. मग हे बाळ कुणाचं, आई?” सासूबाईंनी बोटांवर आठवडे मोजून मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी तारीख बदलली. डोकं मापात बसलं. डॉक्टरबाई सुनेवरच वैतागल्या, “हे आधी सांगायचं नाही का?”