घोंगडीवाल्याची भाकर

"खोटारडे, बस आता टीव्हीपुढं," शिवराज बहिणीला म्हणाला. "आज एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

शिवकन्या बसली. नागपंचमीला बेंबळीला माहेरी आलेली, स्वतःच्या घरात सून आलेली बाई, पण बसली ती मांडी ठोकून, लहानपणी बसायची तशी. नव्या बांगड्या मधे यायला लागल्या म्हणून तिनं त्या कोपराकडं सारल्या. राजेश्वरीनं, म्हणजे शिवराजच्या लेकीनं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि रिमोट आत्याच्या हातात दिला. बाहेर लिंबाला झोका बांधला होता, बायका शिवकन्याला हाका मारत होत्या. तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

पडद्यावर एक बुटका गडी उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाठीला गाठोडं. नव्वदच्या सुमाराला गावात चन्नबसप्पाच्या घरी टीव्ही गेमची एक कॅसेट होती, तिच्यातला हा. गेमचं नाव कुणालाच वाचता आलं नाही, अक्षरं कुठल्या मुलखाची तेच कळत नव्हतं. पोरांनी त्याला घोंगडीवाला म्हणून टाकलं आणि विषय मिटवला.

घोंगडीवाला उड्या मारत डोंगर चढायचा आणि शेवटच्या बुरजावर जाऊन मरायचा. पुढं एवढी रुंद दरी की कशीही उडी मारा, पोचतच नाही. शिवराज सगळ्यांत तरबेज, तोही तिथंच मरायचा. एका दुपारी पोरं जेवायला गेली असताना शिवकन्या एकटी खेळली. पोरं परतल्यावर म्हणाली, "म्या दरी पार केली. पलीकडं गेला की घोंगडीवाला खाली बसून भाकर खातोय." दाखव म्हणावं तर तेवढ्यात लाईट गेलेली.

झालं. गेममधला गडी कुठं भाकर खातो का? तेव्हापासून बेंबळीत कुणी थाप मारली की लोक म्हणतात, "ही शिवीची भाकर दिसती." शिवी म्हणजे शिवकन्या. तिच्या लग्नात, नवरदेवाकडच्या मंडळींदेखत, कुणीतरी हे बोललं होतं. शिवकन्या दर वेळी हसायची, पण तिला ते लागायचं. खरं बोलून आयुष्यभर खोटं ठरणं काय असतं, ते तिलाच ठाऊक.

"आत्या, लई शोधलं तवा सापडला ह्यो गेम," राजेश्वरी म्हणाली. "पण शेवट कुणीच बघितलेला न्हाय. इंटरनेटवरची समदी त्याच बुरजावर अडकल्यात."

"अडकू दे," शिवकन्या म्हणाली.

सुरुवातीला ती खड्ड्यात पडून मेली. शिवराजनं मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. परत खेळली, परत मेली. मग हळूहळू बोटांना वाट आठवत गेली आणि गडी बुरजावर पोचला. तिथं पांढरी गुबगुबीत जनावरं सैरावैरा पळत होती. पोरं त्यांना दुश्मन समजून काठीनं हाणायची.

शिवराज पुढं सरकला. "मार उडी."

तिनं उडीच्या बटणावरचा अंगठा काढला आणि खालचं बटण दाबून धरलं. घोंगडीवाला दरीच्या काठावर खाली बसला.

"काय करायलीस? टाइम संपायलाय."

"मेंढरं बुजल्यात, दादा. बुजल्यावर मागं पळायचं नसतंय, खाली बसायचं. तू कवा गेलास कळपामागं?"

गेला नव्हता. घरची मेंढरं लहानपणी शिवकन्यानंच राखली होती.

वरचे आकडे उतरत चालले. अंगठा दुखायला लागला तरी तिनं बटण सोडलं नाही. मग एक जनावर थबकलं, वळलं आणि बसलेल्या गड्याकडं आलं. मेंढरांचं ठाऊकच आहे, एक आलं की सगळी येतात. ती मेंढरं दरीत उतरली आणि दाटीनं एकावर एक उभी राहिली. दरी भरली तसा घोंगडीवाला उठला आणि त्यांच्या पाठीवरनं सावकाश पलीकडं गेला.

तिथं खाली बसला. गाठोडं सोडलं, गोल पांढरं काहीतरी बाहेर काढलं आणि खायला लागला.

दारात उभी असलेली बहीणभावाची आई, सिताबाई, डोळे बारीक करून टीव्हीजवळ आली.

"आज पंचमी. आज कुणाच्या घरी तवा चढत न्हाय," ती म्हणाली, "आन ह्यो भाकर खायलाय व्हय?"

"डोनट असंल आजी," राजेश्वरी म्हणाली.

"डोनट कशाचं?" शिवराज लेकीवर खेकसला. "भाकरच हाय ती. कालची असंल, आय. मेंढक्याच्या गाठोड्यात दुसरं काय असतंय?"

शिवकन्यानं भावाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात लाईट गेली.

टीव्ही काळा पडला. पण राजेश्वरीच्या मांडीवरचा लॅपटॉप चालूच होता, आणि त्याच्यात घोंगडीवाला निवांत घास मोडत होता.

शिवराज उठला. बहिणीच्या तोंडाकडं बघायची त्याची हिंमत होईना. त्यानं वायरी उपसल्या, नैवेद्याचं ताट धरावं तसा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि उंबरा ओलांडून लिंबाखाली निघाला. झोका थांबला. समोरून बलभीम येत होता, त्या काळी चन्नबसप्पाच्या घरी ह्यांच्याबरोबर खेळायचा तोच.

"बलभीम, इकडं ये," शिवराज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ही बघ शिवीची भाकर. जगात कुणाला जमलं न्हाय, माझ्या बहिणीला जमलं."

बायका झोका सोडून गोळा झाल्या. शिवकन्या पदर सावरत मागून आली. मान ताठ होती.

"हळू धर, दादा," ती म्हणाली. "अजून जेवायलाय त्यो."