तीन केसपेपर

पोटच्या पोराला मनोरुग्णालयात ठेवून घ्या, असा अर्ज आईनेच कोर्टात केला होता. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. पण रोज घरातल्या सुऱ्या पिठाच्या डब्यात खुपसून झोपणाऱ्या बाईने लोकांचं काय घेऊन बसायचं!

कोर्टाच्या हुकमावरून डॉक्टरांनी मुलाला दहा दिवस ठेवून घेऊन तपासलं. तिथे तो अगदी सुतासारखा सरळ वागला. गोळ्या वेळेवर, झाडूवाल्यालाही अहो-जाहो. धोका दिसत नाही, असा अहवाल आला.

"त्याने तुम्हाला कधी मारलंय?" न्यायाधीशांनी आईला विचारलं.

"तीनदा, साहेब. हात मोडला, भुवईला टाके पडले, दात गेला. दवाखान्यातून कागद मागवा."

पुढच्या तारखेला कागद आले. तिन्ही केसपेपरवर तिनेच तेव्हा डॉक्टरांना सांगितलेलं कारण होतं. बाथरूममध्ये घसरले. जिन्यावरून पडले. पाय अडकून पडले.

"तेव्हा पांघरूण घातलं हो मी! आईच आहे ना त्याची! आता जीव घेईल तो माझा, साहेब, पाया पडते!" ती ओरडत राहिली. मुलगा खाली मान घालून शांत उभा होता. पुराव्याअभावी अर्ज फेटाळला गेला.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्याने तिचा तोच मोडलेला हात घट्ट धरला.

"जपून हं, आई. तू सारखी पडतेस."