उसातला अभ्यास

बिबट्याला चाहूल लागावी म्हणून राजुरीच्या उसातून जाताना मोठ्यानं बोलायचं. एमएस्सीच्या या दोघी मैत्रिणी अभ्यासच ओरडायच्या. हर्षाली क्वांटमचे नियम सांगायची, समृद्धी घोकायची. “हर्मिशियन ऑपरेटर, उत्तर वास्तवच! केटचा ब्रा करताना फक्त कंस फिरवायचा!” दुसरा नियम, केट या चिन्हाचं उलटं चिन्ह ब्रा करण्याचा, अर्धाच होता, हे हर्षालीला आज पेपरच्या आधी पुस्तकात दिसलं. ऐनवेळी समृद्धी गोंधळेल म्हणून ती बोलली नाही, निदान मनाला तिनं तसंच सांगितलं. स्वतः मात्र बरोबर लिहून आली. “लई सोपा व्हता पेपर. तू सांगितलेलंच सगळीकडं लिहिलं,” परतताना समृद्धी म्हणाली. उसात शिरताच तिनं काठी आपटत तोच अर्धा नियम म्हटला. हर्षाली नुसतीच चालत राहिली. “बोल की मोठ्यानं! बिबट्या यील.” हर्षाली ओरडली, “कंस फिरला की काल्पनिक भागाचं चिन्हबी बदलतं!” काठी थांबली. पुढची वाट दोघी मुक्यानं चालल्या.