चांगुणाची बोट

चांगुणाने गेलेल्या नवऱ्याची शिडाची बोट विकायला काढली होती. रेवदंड्याला ती बघायला आलेले पुण्याचे साहेब तासभर बोटीतल्या गाद्याच दाबून पाहत होते. फ्रिज कुठे बसेल, बेटापर्यंत जाताना चहा सांडेल का, एवढेच त्यांचे प्रश्न. दोराला हात लागला की लगेच रुमालाने पुसत.

चांगुणा गप्प उभी होती. असल्या माणसाला समुद्रानेच शिकवावं, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात साहेबांच्या बायकोने हळूच विचारलं, "मावशी, ही पाणी घेते का?"

"घेते, बाय. तळाची फळी कुजलीय. बदलल्याबिगर खोल पाण्यात नेऊ नको."

साहेब भडकले. "मग तासभर गप्प का होतीस?"

"तुमच्यासाठी आताही बोलले नाय," चांगुणा म्हणाली आणि बाईंना तळ दाखवायला घेऊन गेली.