जिभेनं पाहायचा दगड

खाप्याजवळ कन्हानच्या काठावर संघपाल बारा दिवसांपासून शेल दगडाचे पापुद्रे सोलत होता. एकातही दगड झालेला मासा नव्हता. त्याचा राग बायकोवर निघे.

"तूच पनौती आहेस वं!"

माया मुकाट्यानं पुढचा दगड हातात द्यायची.

तेराव्या दिवशी, भर दुपारी, मासा निघाला. बोटभर, तोंड उघडं असलेला. संघपालनं तो डोळ्यांजवळ नेला. ठसा पुसट होता. पण दगड ओला केला की ठसा उठून दिसतो. म्हणून सवयीनं त्यानं त्यावरून जीभ फिरवली.

"दिसून राहिला का जी?"

तो बोलेना.

"काहून चूप झाले?"

त्यानं तोंड उघडलं. हनुवटीवरून रक्त ओघळलं.

मायानं दगड उचलून उन्हात धरला. माशाचं तोंड गच्च मिटलेलं होतं.