एकोणीस की एकोणतीस

नऊ दिवसांत एकही चूक सापडली नव्हती, आणि म्हणूनच बाईंना फिटरचा संशय आला.

पुस्तक गाड्यांच्या दुरुस्तीचं होतं. कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा, याचे नुसते आकडेच साडेतीन हजार. काम दोघांचं. फिटरने इंजिनिअरांच्या मूळ तक्त्यातून आकडा मोठ्याने वाचायचा, समोर बसलेल्या बाईंनी तो प्रूफवर बघून पेन्सिलने बरोबरची खूण करायची. बावीस वर्षांत चुकांशिवाय गेलेला आठवडा बाईंनी पाहिला नव्हता. टाइप करणारी मुलगी काही एकाएकी सुधारली नव्हती. ऑफिसात बाईंना चाळणी म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

फिटर इथे नवा. पंचवीस वर्षं गाड्यांखाली झोपून पाठ गेली, तेव्हा त्याला वर्कशॉपमधून उचलून या खुर्चीवर आणून बसवलेलं. तो कागद पत्त्यांच्या डावासारखे छातीशी धरायचा. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. मधूनच एखादा आकडा वाचून झाला की चोरून बाईंकडे बघायचा. बाईंनी काय ते ताडलं. तक्त्यातली अक्षरं मुंगीएवढी, चष्मा लावायची याला लाज. हा गडी तक्ता वाचतच नाही. प्रूफची दुसरी प्रत नियमाप्रमाणे त्याच्याकडे असते, तीच वाचतो. मग सगळं जुळणारच.

ब्रेकची अकरा पानं आज चार वाजता छपाईला जायची होती, खाली बाईंच्या सहीनिशी. गॅरेजमधला माणूस पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पुस्तकात दहा कमी छापले तर तो दहा कमीच आवळणार, आणि त्या गाडीत कुणाचं तरी अख्खं घर बसलेलं असणार. या विचाराने बाईंची झोप उडाली होती.

म्हणून त्यांनी सापळा लावला. जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडून मूळ तक्ता पाहिला. ब्रेकच्या पिनचा बोल्ट, एकोणतीस. टाइप करणारीला सांगून प्रूफवर तिथे एकोणीस करवलं आणि दोन्ही प्रती नव्याने काढून घेतल्या. एक स्वतःच्या पुढ्यात, एक त्याच्या.

सव्वादोनला ते पान आलं. बाईंनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवून ठेवली. फिटरने वाचलं, आणि वर बघितलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना आनंद झाला, अगदी खरं सांगायचं तर फार आनंद झाला. त्यांनी हात पुढे करून हातातला कागद दाखवा म्हणून फर्मावलं.

फिटरने निमूटपणे कागद टेबलावर ठेवला. मूळ तक्ताच होता तो. पिनच्या बोल्टखाली त्याचं नख अजून रोवलेलं होतं.

"तुम्ही एकोणीस वाचलंत," बाई म्हणाल्या.

"एकोणतीस वाचलं. इथे एकोणतीसच आहे."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

फिटरने तक्ता उचलून तोंडापुढे धरला. कागदाची कड थोडी थरथरली. बाई थांबल्या. त्याने कागद खाली घेतला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मी आत्ता कागदाआडून दोन वाक्यं बोललो, बाई."

पंख्याचा आवाज होता, असं त्या म्हणणार होत्या. पंखा बंद होता.

मग त्याने सगळं सांगितलं, त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून. खुणा फार भराभर पडतात हे पाहून त्यालाच बाईंचा संशय आला होता. बाई झोपेत काम करतात की काय, म्हणून सोमवारपासून तो अधूनमधून मुद्दाम चुकीचा आकडा वाचत होता. बावन्नला बावीस, साठला सात. बाईंची नजर प्रूफवर असायची आणि त्यावर जे छापलंय तेच त्यांना ऐकू यायचं. असं त्याने सात वेळा केलं, आणि सातही वेळा बाईंनी बरोबरची खूण केली होती.

बाईंनी आपल्या खुणा पाहिल्या. सुबक, एका मापाच्या, पानभर. त्यांना भीती वाटली. नोकरीची वाटली, पण त्याआधी त्या अकरा पानांची वाटली.

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही. सांगणारही नाही."

त्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजायला दीड तास होता. त्यांनी तक्ता त्याच्याकडून ओढून घेतला, आपलं प्रूफ त्याच्यापुढे सरकवलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. फिटरने इकडेतिकडे बघून खिशातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

कुणाला काही कळू नये म्हणून बाई टेबलावर पुढे वाकल्या आणि अगदी हळू, त्याच्यापुरत्या आवाजात, पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. चौथ्या आकड्याला फिटरने त्यांच्या जुन्या खुणेवर फुली मारली. सातव्याला दुसरी.

हॉलच्या त्या टोकाला टाइप करणारीचे हात थांबले. दाराजवळचा शिपाई वळला. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं आणि साहेब चौकटीत येऊन उभे राहिले. बाईंची पाठ त्या सगळ्यांकडे होती.

"फार हळू होतंय का?" त्यांनी फिटरला विचारलं. "ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय, बाई," फिटर म्हणाला. "वाचा तुम्ही."