अठरा श्वास

संगणकानं आर्विडकाकांना हिरवा शेरा दिला: फ्लू बळावणार नाही, उद्या घरी सोडा. त्यांच्या बायकोला, लव्हॉनबाईंना, ते पटेना. मी वॉर्डातली नर्स. डुलुथ शहरातल्या शाळेत बाईंनीच मला पोहायला शिकवलेलं. त्यांचं स्टॉपवॉच अजून गळ्यातच होतं. “श्वास मिनिटाला अठरा?” त्यांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. “मोजला कुणी?” “सकाळी नोंदलाय की, बाई.” “नोंदलेला दिसतोय गं. मोजला कुणी? शाळेतही तू चार फेऱ्या मारून दहा लिहायचीस.” मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बटण दाबलं. मिनिटभर त्या ओठांतल्या ओठांत मोजत राहिल्या. “बत्तीस. घाल तुझ्या संगणकात.” मी आकडा बदलला आणि हिरव्याचा लाल झाला. काकांना डॉक्टरांच्या हवाली करून मी वॉर्डाची यादी उघडली. उरलेले अकराही रुग्ण हिरवे, सगळ्यांचा श्वास अठरा, नोंद माझीच. “बाई,” मी हात पुढे केला, “स्टॉपवॉच देता?”